सप्ताहाच्या मंडपात आवाजाचा तोल कसा लावावा

चाळीसगाव, अमळनेरकडच्या गावांत हरिनाम सप्ताहासाठी साउंडवाला बहुधा दुपारीच, रिकाम्या मंडपात आणि बारीक आवाजावर मिक्सर लावून मोकळा होतो. रात्री कीर्तन रंगून व्हॉल्यूम चढला की मृदंगाची कणीक लावलेली धूम (जाड आवाजाची बाजू) घुमू लागते आणि महाराजांचे शब्द तिच्याखाली दबतात. दोष यंत्राचा क्वचितच असतो. कान सर्व वारंवारता, म्हणजे हर्ट्झमध्ये मोजले जाणारे खालचे-वरचे सूर, सारख्या जोराने ऐकत नाही आणि आवाजाची पातळी बदलली की हा फरकही बदलतो, हे फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी 1933 मध्ये मोजून दाखवले. आजच्या प्रमाणित आलेखानुसार 1000 हर्ट्झचा सूर 40 डेसिबलला जेवढा मोठा वाटतो, तेवढा वाटण्यासाठी 100 हर्ट्झच्या सुराला सुमारे 64 डेसिबल लागतात; तोच 1000 हर्ट्झचा सूर 80 डेसिबलवर नेला, तर 100 हर्ट्झला सुमारे 92 पुरतात. म्हणजे 24 डेसिबलची तूट 12 वर येते आणि बेस, म्हणजे खालच्या सुरांचा जाड आवाज, आपोआप पुढे येतो.

खात्री करायची असल्यास मोबाइलवर सूर काढणारे अ‍ॅप घेऊन हेडफोनवर, व्हॉल्यूम कमी ठेवून आणि मध्ये त्याला हात न लावता, 1000, 100 आणि 3500 हर्ट्झ क्रमाने ऐकावेत; 100 चा सूर बाकी दोन्हींपेक्षा हळू वाटेल. मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरवर हे करू नये, कारण त्यातून 100 हर्ट्झ जवळजवळ निघतच नाही.

मिक्सर लावताना मृदंग, टाळ आणि गायक रात्रीच्याच जोराने वाजतील-गातील असे पाहावे, शेवटच्या रांगेत जाऊन ऐकावे आणि पहिला हात बेसच्या बटणाला लावून तो उतरवावा. कीर्तनकारांच्या माइकचा 80 ते 100 हर्ट्झखालचा भाग कापला तरी शब्दांचे काही बिघडत नाही. भोंगा टोचत असेल, तर 2000 ते 5000 हर्ट्झचा पट्टा दोन-तीन डेसिबल कमी करावा. कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असल्याने ती 3000 हर्ट्झच्या आसपास अनुनादते, म्हणजे तो सूर वाढवते, आणि कान तिथेच सर्वांत तीक्ष्ण असतो; पण व्यंजनांची स्पष्टताही बरीचशी याच पट्ट्यात असल्याने त्याहून जास्त कापणे मला योग्य वाटत नाही. सकाळी पारायण हळू आवाजात चालते तेव्हा मात्र बेस थोडा वाढवावा, नाहीतर वाचकाचा आवाज पातळ वाटतो.

मोबाइलवरील मीटर सहसा ‘ए’ भारांकनात मोजतो, ज्यात 100 हर्ट्झचा आवाज सुमारे 19 डेसिबलने कमी धरला जातो. त्यामुळे आकडा मर्यादेत असूनही शेजारच्या घराची तावदाने थरथरत असतील, तर मीटर बेस जवळजवळ पूर्ण धरणाऱ्या ‘सी’ भारांकनावर लावून पुन्हा मोजावे.