स्पेक्ट्रम, कमोडोर, डॉस : जुन्या घरगुती कॉम्प्युटरचे गेम हँडहेल्डवर कसे चालवावेत

टीव्हीला जोडायच्या जुन्या गेम-यंत्रांचं इम्युलेशन, म्हणजे त्यांची सॉफ्टवेअरनं केलेली नक्कल, आता फार सोपं झालं आहे. फाइल कार्डात टाकली, उघडली की खेळ सुरू. घरगुती कॉम्प्युटरचं मात्र तसं होत नाही. झेडएक्स स्पेक्ट्रम, कमोडोर ६४, अमिगा, डॉसचा (विंडोजच्या आधीच्या काळातला) पीसी ही सगळी कीबोर्डवर चालणारी यंत्रं. आज्ञा टाइप करा, कॅसेट किंवा फ्लॉपी लावा, मग गेममध्ये शिरलं की प्रत्येकाच्या चाव्या निराळ्या. स्पेक्ट्रमच्या कीबोर्डावर ४० चाव्या होत्या आणि हँडहेल्डला, म्हणजे हातात धरून खेळायच्या छोट्या यंत्राला, बटणं असतात दहा-बारा. बरेच लोक इथंच अडकतात आणि 'गेम चालत नाही' म्हणून सोडून देतात. गेम चालू असतो, फक्त त्याला हवी ती चावी आपल्या हाताशी नसते. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा बटणांना दिली आहे.

आपल्याकडे १९८४ मध्ये सुरू झालेल्या 'क्लास' या सरकारी संगणक-शिक्षण प्रकल्पातून शाळांत बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश कॉम्प्युटर आले. पुढे 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावानं परवान्याखाली बनलेला स्पेक्ट्रमही विकला गेला. पण बहुतेकांच्या हाताला पहिल्यांदा लागला तो कॉम्प्युटर क्लासमधला डॉसचा पीसी, आणि त्यावरचे 'प्रिन्स' (प्रिन्स ऑफ पर्शिया) नि 'डेव्ह' (डेंजरस डेव्ह) हे गेम. तुम्हाला तेच हवे असतील तरी सुरुवात स्पेक्ट्रमनं करा. फाइल लहान असतात, वेगळी रॉम (यंत्राचा मूळ अंगभूत प्रोग्राम) शोधावी लागत नाही आणि बटणांचं सगळं तंत्र इथंच शिकून होतं.

यंत्र कोणतं

घरात जुना अँड्रॉइड फोन पडून असेल तर नवीन काही विकत घेऊ नका. टाइप-सी पोर्टला थेट लागणारा, फोन मध्ये धरणारा कंट्रोलर घ्या. ब्लूटूथपेक्षा तो बरा, कारण बटण दाबणं आणि पात्र हलणं यात उशीर कमी होतो. वेगळं यंत्रच हवं असेल तर साडेतीन इंची, ६४० × ४८० पडद्याचं घ्या: मियू मिनी प्लस, अँबरनिकची आरजी३५एक्सएक्स मालिका, किंवा आर३६एस. या आकड्याला कारण आहे. स्पेक्ट्रमचं चित्र २५६ × १९२ ठिपक्यांचं, कडेच्या पट्टीसकट इम्युलेटर ते ३२० × २४० देतो, आणि त्याची दुप्पट म्हणजे बरोब्बर ६४० × ४८०. एक ठिपका चार ठिपक्यांत नेमका बसतो, अक्षरं फाटत नाहीत. अमिगा आणि १९९४-९५ नंतरचे डॉस गेम मात्र या स्वस्त यंत्रांवर अडखळू शकतात. ते खेळायचे तर फोनच चांगला.

यंत्रासोबत आलेल्या बिननावाच्या मेमरी कार्डावर विसंबू नका. ३२ जीबीचं नामांकित कार्ड पुरून उरतं. कमोडोरची एक फ्लॉपी सुमारे १७० केबी, अमिगाची ८८० केबी, तेव्हा मोठ्या कार्डाचा उपयोग काय? कार्ड नागपूरच्या बर्डी बाजारातून आणा की ऑनलाइन मागवा, पक्कं बिल घ्या आणि वापरण्याआधी तपासा. विंडोजवर 'एच२टेस्टडब्ल्यू', लिनक्स किंवा मॅकवर 'एफ३' हे प्रोग्राम कार्ड पूर्ण भरून परत वाचतात. नकली कार्ड ६४ जीबी असल्याचं सांगतं आणि आत असते ८ जीबी. तेवढी भरली की पुढच्या फाइल 'कॉपी झाल्या' असं दिसतं, उघडताना मात्र निघतात बिघडलेल्या. मग दोष इम्युलेटरच्या माथी बसतो.

चार्जिंगचंही नीट बघा. बऱ्याच स्वस्त हँडहेल्डमध्ये टाइप-सी पोर्टला लागणारे ५.१ किलो-ओहमचे दोन रेझिस्टर बसवलेलेच नसतात. त्यामुळे दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल लावली की चार्जर वीजच सोडत नाही आणि यंत्र बिघडलं असं वाटतं. साधा ५ व्होल्टचा चार्जर आणि यूएसबी-ए ते टाइप-सी केबल वापरा. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असं बनवणारे सांगतात, आणि नागपुरात मे महिन्यात दुपारची हवाच तिथवर जाते. उन्हाळ्यात चार्जिंग रात्री करा. यंत्र बंद गाडीत ठेवू नका आणि कूलरच्या तोंडासमोरही नको, त्या ओल्या हवेनं बटणांखालचे संपर्क खराब होतात.

रेट्रोआर्क बसवणं

रेट्रोआर्क हे एकच ॲप असून त्यात प्रत्येक जुन्या यंत्रासाठी वेगळा 'कोअर', म्हणजे त्या यंत्राची नक्कल करणारा भाग, घालायचा असतो. फोनवर असं करा:

१. रेट्रोआर्कच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून ६४-बिट अँड्रॉइडची एपीके फाइल घ्या. प्ले स्टोअरच्या साध्या आवृत्तीत कोअरची संख्या मर्यादित आहे.

२. फोनमध्ये एक फोल्डर करा आणि आत प्रत्येक यंत्राचा वेगळा. नावं इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता.

३. मुख्य मेन्यूत 'लोड कोअर', मग 'डाउनलोड अ कोअर'. स्पेक्ट्रमसाठी फ्यूज, कमोडोर ६४ साठी व्हाइस, अमिगासाठी पीयूएई, डॉससाठी डॉसबॉक्स-प्युअर.

४. 'ऑनलाइन अपडेटर'मध्ये 'अपडेट कोअर इन्फो फाइल्स' चालवा. कोणती फाइल कोणत्या कोअरची, हे ॲपला यातूनच कळतं.

तयार हँडहेल्डवर कोअर आधीच बसवलेले असतात. तिथं फक्त कार्डावरच्या फोल्डरची नावं बदलू नका, कारण कोणता कोअर उघडायचा हे फर्मवेअर (यंत्रातलं मूळ सॉफ्टवेअर) त्या नावावरूनच ठरवतं.

गेमच्या फाइलबद्दल एक गोष्ट स्पष्ट असू द्या. जुना म्हणून गेम फुकट होत नाही, बहुतेकांचे हक्क आजही कुणाकडे तरी आहेत. स्पेक्ट्रमची रॉम इम्युलेटरसोबत वाटायला हक्कदार ॲमस्ट्रॅड कंपनीनं परवानगी दिलेली आहे, म्हणून ती फ्यूजमध्येच असते. अमिगाची किकस्टार्ट रॉम मात्र विकत घ्यावी लागते, ती 'अमिगा फॉरेव्हर' या संचात मिळते. या यंत्रांसाठी आजही नवे गेम लिहिले जातात आणि इच.आयओ या संकेतस्थळावर लेखक स्वतः ते फुकट किंवा थोड्या पैशांत देतात. सुरुवातीला तेच घ्या. त्यातले कितीतरी जुन्या गाजलेल्या गेमपेक्षा सरस आहेत.

स्पेक्ट्रम: एक गेम, पहिल्यापासून

टॅप किंवा टीझेडएक्स प्रकारची फाइल ही कॅसेटची नक्कल असते. झेड८० आणि एसएनए या मेमरीच्या आयत्या प्रती, त्या क्षणात उघडतात. टॅप फाइल फ्यूजमध्ये उघडली की कोअर स्वतःच लोड करायला घेतो. तसं झालं नाही तर आज्ञा हातानं द्यावी लागेल: जे दाबा, 'लोड' हा अख्खा शब्द उमटेल. मग सिम्बॉल शिफ्ट धरून पी दोनदा, म्हणजे दोन अवतरणचिन्हं. मग एंटर. पडद्यावरचा कीबोर्ड सिलेक्ट बटणानं उघडतो.

आता रंगीत पट्ट्या धावतील आणि किंचाळल्यासारखा आवाज येईल. हा बिघाड नाही, कॅसेटवरची माहिती अशीच ऐकू यायची, आणि ४८ केबीच्या गेमला चार-पाच मिनिटं लागायची. थांबायचं नसेल तर कोअर ऑप्शन्समध्ये 'टेप फास्ट लोड' चालू करा. काही गेमची लोड करण्याची पद्धत त्यांच्या लेखकांनी स्वतः लिहिलेली असते, ते घाईत अर्ध्यावर कोसळतात. अशा वेळी फास्ट लोड बंद करून सरळ वाट बघा.

पात्र दुसऱ्या रंगाच्या भिंतीजवळ गेलं की त्याचाच रंग बदलतो, हेही मूळचंच. स्पेक्ट्रममध्ये ८ × ८ ठिपक्यांच्या प्रत्येक चौकोनात दोनच रंग मावतात.

आता बटणं. गेमचा मेन्यू विचारेल: कीबोर्ड, केम्पस्टन, सिंक्लेअर की कर्सर? ही सगळी त्या काळच्या जॉयस्टिकची नावं. तुम्ही गेममध्ये केम्पस्टन निवडलंत आणि रेट्रोआर्कमध्ये दुसरंच काही असलं, तर पात्र जागचं हलत नाही, किंवा कुणी बटण दाबून धरल्यासारखं एकाच दिशेला पळतं. म्हणून क्विक मेन्यू, कंट्रोल्स, पोर्ट १ कंट्रोल्स, डिव्हाइस टाइप इथं जाऊन 'केम्पस्टन जॉयस्टिक' निवडा. दोन्हीकडे एकच नाव, एवढं जमलं की निम्मे गेम मार्गी लागतात.

उरलेले निम्मे जॉयस्टिक ओळखतच नाहीत. त्यांच्या चाव्या बहुधा अशा असतात: वर क्यू, खाली ए, डावीकडे ओ, उजवीकडे पी, आणि गोळी किंवा उडी स्पेस किंवा एमवर. फ्यूजच्या कोअर ऑप्शन्समध्ये प्रत्येक बटणापुढे चावी निवडता येते. दिशांना या चार द्या, बी बटणाला स्पेस, स्टार्टला एंटर, आणि वरच्या दोन खांद्याच्या बटणांना ० आणि १. हे शेवटचं विसरू नका. स्पेक्ट्रमचे कितीतरी गेम '०' किंवा '१' दाबल्याशिवाय सुरूच होत नाहीत, आणि दर वेळी पडद्यावरचा कीबोर्ड उघडत बसायचं म्हणजे वैताग. मग 'मॅनेज कोअर ऑप्शन्स'मध्ये जाऊन 'सेव्ह गेम ऑप्शन्स' दाबा. हे केलं नाही तर एका गेमच्या चाव्या दुसऱ्या गेमला लागतात.

सगळी जुळवाजुळव करताना ओटीजी केबलनं (फोनला यूएसबीच्या वस्तू जोडायची केबल) खरा कीबोर्ड जोडला तर काम पटकन होतं. फक्त त्या वेळी 'गेम फोकस' (सगळ्या चाव्या थेट गेमला देणारी सोय) चालू हवा, तो स्क्रोल लॉकनं होतो. नाहीतर पी दाबलं की रेट्रोआर्क गेम थांबवतो, एच दाबलं की रीसेट करतो, आणि तुम्ही टाइप केलेलं गेमपर्यंत पोहोचतच नाही.

कमोडोर ६४ आणि अमिगा

व्हाइस कोअर लोडची आज्ञा स्वतः देतो. कमोडोरचा मूळ १५४१ फ्लॉपी ड्राइव्ह सेकंदाला ४०० बाइटच्या आसपास वाचायचा, म्हणून लोड होताना वेग वाढवणारा 'ऑटोमॅटिक लोड वॉर्प' चालू करा. तरीही एखादा गेम मध्येच अडकला तर 'ट्रू ड्राइव्ह इम्युलेशन' (ड्राइव्हची हुबेहूब नक्कल) चालू आहे ना ते बघा. इथली नेहमीची तक्रार म्हणजे जॉयस्टिक चालत नाही. कमोडोरला दोन पोर्ट होते, बहुतेक गेम २ वापरतात, पण काही १ मागतात. पडद्यावरच्या कीबोर्डावर पोर्ट बदलायची चावी असते, एकदा दाबून पाहा. गेम अनेक फ्लॉपींचा असेल तर साध्या मजकुराची एक फाइल करा, प्रत्येक ओळीत एका फ्लॉपीच्या फाइलचं नाव, आणि तिला एम३यू हे शेपूट द्या. तीच फाइल उघडली की 'डिस्क कंट्रोल'मधून फ्लॉपी बदलता येते. अमिगासाठीही हीच युक्ती.

अमिगा ५०० ला किकस्टार्ट १.३ ची रॉम रेट्रोआर्कच्या 'सिस्टिम' फोल्डरमध्ये हवी, नेमकी २,६२,१४४ बाइटची, आणि कोअरच्या माहितीत लिहिलेलं असतं त्याच नावानं. ती सापडली नाही तर कोअर आपल्या आतली एआरओएस ही पर्यायी रॉम वापरतो, आणि पुष्कळ गेम तिच्यावर नुसता काळा पडदा दाखवतात. काळा पडदा दिसला की आधी फाइलचं नाव तपासा.

डॉस

गेमचा अख्खा फोल्डर झिप करा आणि झिपच डॉसबॉक्स-प्युअरमध्ये उघडा. आतल्या चालवण्याजोग्या फाइलची यादी येईल. आधी 'सेटअप' असेल तर ती चालवून आवाजासाठी साउंड ब्लास्टर (त्या काळचं साउंड कार्ड), पोर्ट २२०, आयआरक्यू ७, डीएमए १ निवडा. हे न केल्यानं गेम मुका राहतो.

पुष्कळशा नावाजलेल्या गेमची बटणं कोअर ओळखून स्वतःच लावतो. न लावल्यास कोअरच्या पॅड मॅपरमध्ये (कोणत्या बटणाला कोणती चावी ते ठरवायची जागा) द्या. 'प्रिन्स'ला शिफ्ट हाताशी पाहिजेच, कड्याला लटकायला आणि जपून एक पाऊल टाकायला तीच लागते. 'डेव्ह'ला गोळीसाठी कंट्रोल आणि जेटपॅकसाठी ऑल्ट. पडद्यावरचा कीबोर्ड इथं डाव्या काठीच्या दाबावर, म्हणजे एल३ वर असतो. मियू मिनीसारख्या यंत्राला काठीच नाही, तेव्हा एल३ दुसऱ्या एखाद्या बटणावर आणा.

गेम पिसाटल्यासारखा पळत असेल तर 'इम्युलेटेड परफॉर्मन्स'मध्ये ८०८६, २८६ किंवा ३८६ निवडा. त्या काळी काही लेखकांनी गेमचा वेग घड्याळाला न बांधता प्रोसेसरलाच बांधला होता, म्हणून तो आजच्या यंत्रावर आवरत नाही.

चित्र, आवाज, सेव्ह

व्हिडिओच्या स्केलिंगमध्ये 'इंटिजर स्केल' (चित्र पूर्ण पटीतच मोठं करणं) चालू ठेवा. स्पेक्ट्रम आणि युरोपातले कमोडोर सेकंदाला ५० चित्रं द्यायचे, आपले पडदे बहुधा ६० चे. त्यामुळे दर पाचवं चित्र दोनदा दिसतं आणि सरकणारा देखावा किंचित हिसके देतो. ते घालवायला कमोडोरला एनटीएससीवर, म्हणजे ६० चित्रांच्या अमेरिकी टीव्ही पद्धतीवर, टाकू नका, गेम वीस टक्के जोरात पळेल, संगीत चढेल आणि काही गेम बंदच पडतील. ब्लूटूथ हेडफोनवर आवाज मागून येतो, तिथं तारेचाच वापरा.

सेव्ह स्टेट (खेळाचा तो क्षण जसाच्या तसा साठवणं) सोयीचं आहे, पण ते त्या कोअरच्या त्याच आवृत्तीला बांधलेलं असतं. कोअर अपडेट केला की जुनं स्टेट उघडेलच असं नाही. म्हणून गेममध्ये स्वतःची सेव्ह असेल तर तीही करत चला. डॉसबॉक्स-प्युअर मूळ झिपला हात लावत नाही, सगळे बदल 'सेव्ह्ज' फोल्डरमध्ये वेगळ्या झिपमध्ये ठेवतो. 'सेव्ह्ज' आणि 'स्टेट्स' हे दोन फोल्डर महिन्यातून एकदा पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. आणि हँडहेल्ड बंद करताना आधी मेन्यूतून गेममधून बाहेर या, मगच पॉवरचं बटण दाबा. कार्डावर लिहिणं चालू असताना वीज गेली तर नुसती ती सेव्ह नाही, अख्खं फोल्डर वाचता येईनासं होऊ शकतं.