नाव बदललं, तरी जुनं नाव डोकावत होतं

आमच्या कार्यालयात ट्रान्सजेंडर सहकाऱ्यांसाठीचं धोरण लागू झालं, नावबदलाचा अर्जही मंजूर झाला, तरी हजेरीच्या यादीत जुनंच नाव छापून येत होतं. मूळ दोष असा: हजेरी, पगार, ईमेल अशी प्रत्येक संगणक प्रणाली नावाची स्वतःची प्रत साठवते. एकीकडे केलेला बदल दुसरीकडे पोचतच नाही.

म्हणून कर्मचाऱ्याच्या मूळ नोंदीत नावाचे रकाने दोन केले. ‘कायदेशीर नाव’ फक्त पगार, कर आणि विमा यांच्यापुरतं; बाकी सगळीकडे ‘वापरातलं नाव’, त्याच नोंदीतून कर्मचारी क्रमांकावरून उचललेलं. लॉगिनमध्ये नाव असेल तर तेही बदलावं लागतं. हे हमखास राहून जातं. जुना ईमेल पत्ता फक्त येणाऱ्या मेलसाठी चालू ठेवायचा. नोंदीतल्या बदलांचा इतिहास मात्र एकदोघांनाच दिसला पाहिजे. तो सगळ्यांना खुला राहिला तर एका क्लिकवर माणूस उघडा पडतो, आणि ते परत झाकता येत नाही.

बदल कधी लागू करायचा, ती तारीख त्या व्यक्तीनंच ठरवायची. त्याआधी एका चाचणी खात्याचं नाव बदलून जुनं नाव सगळीकडे शोधा: ओळखपत्र, फोनयादी, कॅलेंडर, प्रिंटरचा स्क्रीन. आमच्याकडे ते शेवटी रजेच्या अर्जाच्या पीडीएफमध्ये सापडलं. आत नव्हे, फाइलच्या नावात.