आधी चाल, मग मेथी

“ताई, पोट कमी व्हायला कुठलं चूर्ण घेऊ?” ठाण्याच्या कचराळी तलावाला फेऱ्या मारताना आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच. माझं उत्तर ठरलेलं आहे: सहा आठवडे नेमाने चाल, चूर्णाचं मग बघू. चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न पाहता ओढून घेतात. असं काम करणारी पुडी मला अजून भेटलेली नाही.

सुरू करण्याआधी रक्ताच्या तपासण्या करून घ्या: उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल वगैरे), टीएसएच (थायरॉईड) आणि एसजीपीटी (यकृत). कंबर टेपने मोजा. परकराची नाडी बांधतो तिथे नाही. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटीमीटरच्या वर आकडा गेला की सावध व्हायचं. पहिले काही आठवडे वजनकाटा ढिम्म हलत नाही आणि बायका नाउमेद होतात, पण तेव्हाही टेप सरकलेली असते.

चालणं सोपं आहे: आठवड्याला १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा तास. बरोबरच्या मैत्रिणीशी बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग. पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारा. गुडघे कुरकुरत असतील तर सायकल.

आता वनस्पती. इथे मी स्वतः फसले आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मी मेथीपासून सुरुवात केली. चमचाभर दाणे रात्री वाटीत भिजवायचे, सकाळी बुळबुळीत झाले की चावून खायचे. त्यातला चिकट तंतू जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरवतो, म्हणून मेथी कामाची. पण मी थायरॉईडची गोळी घेते, आणि सगळं एकदाच उरकावं म्हणून गोळी गिळल्या गिळल्या मेथी खात होते. दोन महिन्यांत टीएसएच वर गेलं, दिवसभर अंग जड. डॉक्टर डोस वाढवायला निघाले होते, इतक्यात त्यांनी विचारलं, “गोळीबरोबर काय घेता?” तो तंतू गोळीही नीट शोषू देत नाही. तेव्हापासून गोळी पहाटे नुसत्या पाण्याबरोबर आणि मेथी थेट रात्रीच्या जेवणाआधी. टीएसएच जागेवर आलं.

त्यावरून पक्का नियम केला: एका वेळी एकच वनस्पती, किमान महिनाभर. मेथी, दालचिनी, गुडमार, त्रिफळा असं सगळं एकत्र सुरू केलंत आणि पोट बिघडलं, तर दोष कुणाला द्याल? फायदा झाला तरी कशाने झाला ते कळत नाही.

मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर चालणं आणि मेथी दोन्ही मिळून साखर एकदम उतरवू शकतात. हातापायांना कापरं, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली तर थांबा आणि लगेच साखर खा. पिशवीत ग्लुकोजची पुडी हवीच. अशा बाईने, आणि रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेणाऱ्या बाईनेही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय मेथीचा असा रतीब लावू नये. गरोदरपणात तर नकोच. भाजीत, फोडणीत असते तेवढी पुरे.

दालचिनी चिमूटभर ठीक. बाजारात स्वस्त मिळते ती बहुतेक जाड सालीची कॅशिया, आणि तिच्यातलं कुमारिन हे द्रव्य जास्त झालं तर यकृताला जाचतं. ग्रीन टी कपातून खुशाल प्या, त्याच्या अर्काच्या कॅप्सूल नकोत. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं की पूरकांतून त्यातलं ईजीसीजी हे द्रव्य रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेलं तर यकृताला इजा होऊ शकते.

“महिन्यात दहा किलो” म्हणणाऱ्या पुड्यांना हातही लावू नका. सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध हृदयाला धोका म्हणून भारतात २०११ मध्ये बंद झालं, आणि तरीही ‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वजन घटवण्याच्या कॅप्सूलमध्ये ते पुन्हा पुन्हा सापडलं आहे. पाकिटावर घटक आणि त्यांचं प्रमाण लिहिलेलं नसेल तर ती वस्तू घरात आणू नका, मैत्रीण विकत असली तरी.

तीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये त्याच तपासण्या करा. एचबीए१सी साधारण तेवढ्याच काळाची साखर दाखवतं. कंबरही पुन्हा त्याच जागी मोजा. आकडे हलले नसतील तर मेथी बंद करा आणि रोजच्या चालण्यात दहा मिनिटं वाढवा.