भांड्यांच्या लिक्विडचा ताटामागे भाव कसा काढावा

माझी घरगुती मेस आहे. दोन्ही वेळची मिळून साठ-सत्तर ताटं, शिवाय कढया, कुकर, पातेली. लिक्विडवर महिन्याला किती जातात, ते मला पैशापर्यंत ठाऊक असतं. "5 लिटरचा कॅन घे, स्वस्त पडतो," हा सल्ला मी असंख्य वेळा ऐकलाय आणि मानून पस्तावलेही आहे. लिटरचा भाव कळून काही उपयोग नाही. एक ताट स्वच्छ व्हायला किती पैसे लागले, एवढंच बघायचं.

पाकिटावर किमतीजवळ मिलिलिटरचा किंवा लिटरचा दर छापलेला असतो, तो वाचा. 1 लिटरपेक्षा लहान पॅकवर दर मिलिलिटरला असतो, मोठ्यावर लिटरला. 20 पैसे मिली म्हणजे 200 रुपये लिटर, हे लक्षात घेऊन दोन्ही एका मापात आणा. रिफिलचं पाऊच बहुतेकदा बाटलीपेक्षा स्वस्त असतं, पण दर वाचूनच उचला. सोबतची फुकट घासणी हिशेबात धरू नका.

मग जे दोन-तीन प्रकार परवडतील, त्यांचे सगळ्यात लहान पॅक आणा. सुटं लिक्विड असेल तर विक्रेत्याकडून पाव लिटर मागून घ्या. बचत गटांकडचं काही लिक्विड फार चांगलं असतं, म्हणून सुटं आहे एवढ्यावरून नाकारू नका. मात्र दाट दिसतंय म्हणून भुलूही नका. बनवणारे ॲसिड स्लरी (लिक्विडचा आम्लधर्मी कच्चा माल) कॉस्टिक सोड्याने मारतात, म्हणजे तिचं आम्ल घालवतात, त्यात एसएलईएस हे फेसाचं, मळ काढणारं द्रव्य मिसळतात आणि शेवटी मीठ घालून ते दाट करतात. मिठाने आलेल्या दाटपणावरून आत साबणाचा अंश किती, ते कळत नाही. हिरव्या रंगाने आणि लिंबाच्या वासाने तर ताट निघतच नाही.

सुटं लिक्विड हातात घेण्याआधी हळदीची परीक्षा करा. पांढऱ्या कागदावर हळदीचं पाणी फासून वाळवा आणि त्यावर लिक्विडचा एक थेंब टाका. पिवळं राहिलं तर पुढे जा. लाल-विटकरी झालं तर त्यात क्षार जास्त राहिलाय. हळदीला चुना लागला की कुंकवाचा रंग येतो, तेच इथे होतं. असं लिक्विड कितीही स्वस्त असो, परत करा. एकदा मी ही परीक्षा केली नाही आणि आमच्याकडे भांडी घासणाऱ्या मावशींची बोटं आठ दिवसांत सोलवटली. ते मी अजून विसरलेले नाही. (भांड्यांच्या साबणाच्या वडीला ही कसोटी लावू नका. वडीत बहुधा सोडा असतो, त्यामुळे हळद लाल होणारच.)

आता खरी परीक्षा, ताटं मोजायची. इथेच मी दोनदा चुकले, म्हणून सावकाश सांगते.

सारख्या मापाची स्टीलची ताटं घ्या, पंधरा-वीस तरी. प्रत्येकात एक छोटा चमचा तेल आणि चिमूटभर बेसन कालवून पसरा आणि अर्धा तास तसंच राहू द्या. नुसतं तेल घेऊ नका, घरचं खरकटं तसं नसतं. औषधाच्या बाटलीच्या मापाच्या झाकणाने बरोबर 5 मिली लिक्विड घ्या आणि वाटीत 100 मिली पाण्यात मिसळा. अंदाजाने ओतलंत तर पुढचं सगळं फुकट. त्या वाटीत घासणी बुडवून एकेक ताट घासा आणि नळाखाली धुवा. धुतल्यावर बोट फिरवलं की करकर वाजलं पाहिजे. वाटीतला फेस बसला आणि ताट बोटाला ओशट लागायला लागलं की थांबा. तोवरची ताटं मोजा.

प्रत्येक लिक्विडला नवी घासणी लागतेच. पहिल्या वेळी मी एकाच स्पंजने दोन्ही लिक्विडं तपासली. महागाचा साबण स्पंजात मुरलेला होता आणि त्याचं श्रेय स्वस्तवाल्याला मिळालं. त्या भरवशावर मी दोन कॅन आणले आणि पुढचे दोन महिने प्रत्येक कढई दोनदा घासली.

दुसरी चूक पाण्याची. परीक्षा केली नळाच्या पाण्यात आणि उन्हाळ्यात घासायला आलं बोअरचं. जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममध्ये साबणाचा काही भाग वाया जातो, त्यामुळे तेच लिक्विड निम्म्या ताटांत संपलं. ज्या पाण्यात भांडी घासता, त्याच पाण्यात परीक्षा करा. म्हणूनच मैत्रिणीने सांगितलेला ब्रँड तुमच्या घरी चालेलच, असं मी कधीच म्हणणार नाही. सुरुवातीला किती फेस आला, हेही बघू नका. तेल पडल्यावर तो किती ताटं टिकला, ते बघा.

हिशेब असा. समजा, 750 मिलीची बाटली 150 रुपयांना आहे. म्हणजे 5 मिलीला 1 रुपया, आणि त्यात 12 ताटं निघाली, तर ताटाला साधारण 8 पैसे. 5 लिटरचा कॅन 350 रुपयांना आहे. म्हणजे 5 मिलीला 35 पैसे, पण ताटं निघाली 3, तर ताटाला जवळजवळ 12 पैसे. लिटरला जवळपास तिप्पट स्वस्त असलेला कॅन इथे जवळजवळ दीडपट महाग पडला. वर पाणी आणि हाताचे कष्ट वेगळेच.

घासण्याआधी कढईतलं तेल रद्दी कागदाने पुसून घ्या. यात जेवढी बचत आहे, तेवढी कुठल्याच ऑफरमध्ये नाही.

लिक्विड थेट स्पंजावर ओतू नका, वाटीत मापानेच घ्या. पाणी घालून बाटलीभर मिश्रण आठवडाभर ठेवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की तसं करू नका. पाण्याने त्यातलं टिकवणारं द्रव्य पातळ होतं आणि मिश्रणाला वास सुटू शकतो. रोजचं रोज करा.

आणि सुट्या लिक्विडचा नवा कॅन आला की हळद आणि ताटं, दोन्ही पुन्हा. एकाच माणसाकडचा माल दर खेपेला सारखा येत नाही. मी कॅनच्या झाकणावर मार्करने तारीख आणि ताटांचा आकडा लिहिते. मागच्यापेक्षा दोन ताटं कमी निघाली, तर त्याला आकडा दाखवते आणि कॅन बदलून घेते.