गाडीच्या स्टीरिओत रेडिओ स्टेशनं साठवताना या चुका टाळा

बाहेरून बसवलेल्या स्टीरिओवर एखादं स्टेशन लागेना की सगळे अँटेनाला दोष देतात. त्याआधी सेटिंगमधला ‘रिजन’ किंवा ‘एरिया’ उघडून बघा. स्वस्तातल्या अँड्रॉइड सेटवर तो पुष्कळदा ‘यूएसए’ असतो. अमेरिकी मांडणीत एफएम ०.२ मेगाहर्ट्झने पुढे सरकतं आणि दशांशात फक्त विषम आकडे येतात. त्यामुळे ९१.१, ९३.५, ९८.३ छान लागतात आणि सेट ठीक आहे असंच वाटतं. मुंबईचं १०४.० आणि १०६.४ किंवा पुण्याचं ९५.० मात्र नेमकं लागतच नाही, शेजारच्या १०३.९ वर फाटका आवाज तेवढा येतो. मिडियम वेव्हवरही तेच. आपल्याकडे पायरी ९ किलोहर्ट्झची, तिकडे १० ची. म्हणजे मुंबईच्या अस्मिता वाहिनीच्या ५५८ ऐवजी ५६० आणि आकाशवाणी पुण्याच्या ७९२ ऐवजी ७९०.

रिजन ‘युरोप’ करा, ‘इंडिया’ असेल तर उत्तमच. हे काम स्टेशनं साठवण्याआधी उरका, कारण रिजन बदलला की बऱ्याच सेटमधली जुनी यादी पुसली जाते. जपानहून आलेल्या जुन्या सेटचं दुखणं वेगळं: त्याचा एफएम बँड ७६ ते ९० मेगाहर्ट्झचाच. आपली खासगी स्टेशनं ९० च्या वर, तेव्हा तिथे ती स्टेशनं खालच्या बँडमध्ये आणणारा बँड एक्स्पांडर लावावा लागतो.

साठवताना

स्टेशन लावून १ ते ६ पैकी हवं ते बटण बीप येईपर्यंत, साधारण दोन सेकंद, दाबून धरायचं. लवकर सोडलं तर त्या बटणावरचं जुनंच स्टेशन सुरू होतं आणि शोधलेलं हातचं जातं.

बीएसएम, बीटीएम, एसएसएम, ऑटो स्टोअर ही नावं कंपनीगणिक वेगळी, काम एकच. जोरात येणारी स्टेशनं शोधून ती बटणांवर बसवायची, तीही आधीचं पुसून. एफएमच्या बटणांचे सेटमध्ये एफएम १, २, ३ असे वेगळे संच असतात. बहुतेक सेटवर ऑटो स्टोअर चालू असलेल्या संचापुरतंच होतं, म्हणून एफएम १ आणि २ हातांनी भरा, ऑटोसाठी एफएम ३ मोकळा ठेवा. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये ऑटो सर्च करण्यात अर्थ नाही. गाडी उघड्यावर आणा. सर्च दोन-तीनच स्टेशनांवर थांबत असेल तर फक्त जोरदार स्टेशनं पकडणारं ‘लोकल’ किंवा ‘एलओसी’ चालू राहिलेलं असतं, ते बंद करा.

मुंबई-पुणे जाणाऱ्यांसाठी: बटणावर शहर नाही, आकडा साठतो. ९१.१ आणि ९८.३ दोन्ही शहरांत आहेत, त्यामुळे घाटात एकाच बटणावर कधी मुंबई, कधी पुणे ऐकू येतं. हा बिघाड नव्हे. बाकीच्या स्टेशनांसाठी एफएम १ मुंबईला (१००.७, १०७.१), एफएम २ पुण्याला (१०१.०) अशी वाटणी सोयीची पडते.

चावी काढली की सगळं पुसलं जातं?

हा वायरिंगचा दोष. पिवळी वायर थेट बॅटरीची, मेमरी तिच्यावर जगते. लाल चावीवरची, काळी अर्थिंगची. बसवणाऱ्याने घाईत पिवळी आणि लाल एकत्र करून चावीवर जोडली, की रोज स्टेशनं आणि घड्याळ दोन्ही उडतात. दोन्ही बॅटरीवर जोडली तर मेमरी टिकते, पण चावी काढूनही सेट बंद होत नाही आणि बॅटरी उतरते. चावी काढून पिवळ्या वायरवर मल्टिमीटर धरा: १२ व्होल्टच्या आसपास दिसलेच पाहिजेत आणि लालवर शून्य. पिवळीवर काहीच नसेल तर आधी फ्यूज बघा. फोक्सवॅगन-स्कोडाच्या काही गाड्यांत आयएसओ कपलरच्या (स्टीरिओ गाडीच्या वायरिंगला जोडणाऱ्या प्लगच्या) ४ आणि ७ नंबरच्या पिना उलट असतात; तिथे नेहमीचा कपलर खोचला की नेमका हाच घोटाळा होतो.

निळी वायर मोकळी टेपने गुंडाळून ठेवलेली बऱ्याचदा सापडते. छतावरच्या आखूड किंवा शार्क फिन अँटेनाच्या सिग्नल वाढवणाऱ्या अ‍ॅम्पला वीज तिच्यातून जाते. ती जोडलेली नसेल तर शहरात चार स्टेशनं लागतात, बाहेर पडलं की खरखर. काही गाड्यांत ही वीज अँटेनाच्या केबलमधूनच द्यावी लागते. त्यासाठी वेगळा अ‍ॅडॅप्टर मिळतो.

एवढं करूनही खरखर राहिली तर डॅशकॅम आणि यूएसबी चार्जर सॉकेटमधून उपटून पुन्हा ऐका. त्यांची केबल अँटेनाच्या केबलला चिकटून नेलेली असेल तर लांबून फिरवा.