गुहेतला कोळी नवा कसा ठरवायचा

दोन मिलिमीटरचा कोळी चिमट्याने धरलात तर पाय तुटलेच समजा. इथेनॉलमध्ये बुडवलेल्या बारीक ब्रशने उचला, ७५ टक्के इथेनॉलच्या कुपीत सोडा. डीएनएसाठी एक पाय ९५ टक्क्यांत वेगळा. पिल्लं बहुधा निरुपयोगी, कारण ओळख पटते ती प्रौढ नराच्या पाल्पवरून (तोंडाजवळची पायासारखी जोडी) आणि मादीच्या जननांगावरून. काही गुहावासी कुळांत मादीचं जननांग बाहेरून दिसतच नाही. आतला भाग सोडवून लवंगेच्या तेलात पारदर्शक करावा लागतो. डोळे नाहीत, रंग फिका, एवढ्यावर नवी जात म्हणू नका! असे बदल वेगवेगळ्या कुळांत स्वतंत्रपणे होतात. वर्ल्ड स्पायडर कॅटलॉग या कोळ्यांच्या ऑनलाइन सूचीतून जवळच्या जातींची मूळ वर्णनं काढून चित्रं ताडा. होलोटाइप, म्हणजे ज्यावर नव्या जातीचं नाव बेतलं तो नमुना, संग्रहालयात द्या. शोधनिबंध फक्त ऑनलाइन निघणार असेल तर झूबँक या प्राणिनामांच्या ऑनलाइन नोंदवहीतली नोंदणी आधी, नाहीतर नाव ग्राह्य धरत नाहीत.