कॅथेटरचा ट्रे उघडण्याआधी

स्टराईल फील्डचे, म्हणजे जंतुविरहित सामान मांडायच्या जागेचे, नियम जीएनएम या नर्सिंगच्या कोर्सच्या पहिल्या वर्षाला सगळ्यांना तोंडपाठ असतात. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) विचारलं की धडाधड उत्तरं येतात: कडेचा अडीच सेंटिमीटर भाग अस्टराईल, कमरेखालचं अस्टराईल, पाठ फिरवायची नाही, फील्डवरून हात न्यायचा नाही. वॉर्डात फील्ड खराब होतं ते बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणानं. ग्लोव्हज चढवल्यावर आठवतं की डिस्टिल्ड वॉटर आणलंच नाही. मग मावशींना हाका मारा, नाहीतर त्याच हातानं ट्रॉलीचा ड्रॉवर ओढा. म्हणून पहिल्या पोस्टिंगला आलेल्यांना मी आधी सामान मांडायला लावते, ग्लोव्हज नंतर.

बायकांच्या वॉर्डात फोलीज कॅथेटर, म्हणजे लघवीसाठी मूत्राशयात ठेवायची, टोकाशी फुगा असलेली नळी, टाकायचं आहे असं धरा. ट्रॉलीवर कॅथेटर दोन ठेवा, दुसरं न उघडता. ते का, पुढे सांगते. पंखा बंद करा. मे महिन्यात अख्खा वॉर्ड कुरकुरतो, कुरकुरू दे. स्क्रीन लावा.

मग ड्रम, म्हणजे निर्जंतुक सामानाचा धातूचा डबा, बघा, ही सवय फार कमी जणांना असते. ड्रमच्या बाजूला भोकं असतात. ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेनं निर्जंतुक करायच्या मशीनमध्ये) वाफ आत जावी म्हणून ती उघडी ठेवतात आणि बाहेर काढल्यावर पट्टी सरकवून बंद करतात. वॉर्डात आलेल्या ड्रमची भोकं उघडी दिसली तर तो परत पाठवा, तारीख आजची असली तरी. कापडात बांधलेला सामानाचा पॅक हाताला ओलसर लागला तरी तेच. पॅकवरच्या टेपवर काळ्या रेघा आल्या म्हणजे पॅक मशीनमधून जाऊन आला, एवढंच कळतं. आतलं सामान स्टराईल झालंच, याची हमी त्या रेघा देत नाहीत.

यानंतरचं काम पेशंटशी बोलायचं. आजी साठी-सत्तरीच्या असल्या की लाजेनं साडी खाली ओढतात. त्यांचा दोष नाही, आयुष्यभराची सवय आहे. पण तो हात आला की ड्रेपसकट (वर पसरलेल्या स्टराईल कापडासकट) फील्ड घसरतं. "आजी, हात छातीवर ठेवा, मी सांगेपर्यंत खाली आणू नका, तुम्हाला नीट झाकलंय," हे ट्रे उघडण्याआधी सांगायचं. चादरीनं खरोखर नीट झाका, म्हणजे त्या ओढणार नाहीत.

पॅकचा पहिला पदर आपल्यापासून लांबच्या बाजूला, मग दोन्ही बाजूंचे, शेवटचा आपल्याकडे. जंतुनाशक बेटाडीन आणि बधिर करणारी लिग्नोकेन जेली मदतनीस वरून देईल. बाटली किंवा ट्यूब बाहेरून स्टराईल नसते, ती वाटीला टेकता कामा नये. ड्रेप ओला झाला तर खालचे जंतू कापडातून वर येतात, तेव्हा ओतताना घाई नको.

ग्लोव्हज आपल्या मापाचे मागून घ्या. साडेसहाच्या हाताला साडेसातचे घातले की बोटांची टोकं लोंबतात आणि नको तिथे लागतात. गंमत म्हणजे ऑपरेशन थिएटरमधले रबरी ग्लोव्हज सुरू झाले ते पेशंटसाठी नव्हे, एका नर्ससाठी. १८८९-९० च्या सुमाराला बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलिन हॅम्प्टन यांचे हात मर्क्युरिक क्लोराइडनं खराब होऊ लागले, म्हणून सर्जन विल्यम हालस्टेड यांनी गुडइयर कंपनीकडून पातळ हातमोजे करवून घेतले.

आता डावा हात. त्यानं लेबिया, म्हणजे योनीच्या बाहेरचे ओठ, बाजूला धरले की तो हात ओवळा झाला. शेवटपर्यंत तिथेच राहील, ट्रेकडे येणार नाही. मध्येच सोडला तर साफ केलेली जागा पुन्हा झाकली जाते आणि सफाई पहिल्यापासून करावी लागते. स्वॅब वरून खाली, एक स्वॅब एकदाच. कॅथेटर उजव्या तळव्यात गुंडाळून धरा, मोकळं सोडलं की टोक मांडीला लागतं. चुकून योनिमार्गात गेलं तर काढू नका. खुणेसाठी तिथेच राहू द्या आणि दुसरं घ्या. दोन आणायला सांगितलं ते यासाठी. लघवी आली की दोन-तीन सेंटिमीटर आणखी आत, मग कॅथेटरवर लिहिलंय तेवढ्या डिस्टिल्ड वॉटरनं बलून फुगवा.

डॉक्टर टाकत असतील आणि टोक चादरीला लागलेलं तुम्हाला दिसलं तर? "सर, टोक लागलं, दुसरं उघडते," एवढंच म्हणा आणि उघडायला लागा. "फील्ड अस्टराईल झालं का हो?" असं विचारलंत की "चालतंय" हे उत्तर ठरलेलं. सामानाची टंचाई खरी आहे, पण ते कॅथेटर पुढे कित्येक दिवस आत राहणार असतं.

युरोबॅग, म्हणजे लघवी जमा होणारी पिशवी, पलंगाच्या फ्रेमला, मूत्राशयाच्या खाली, जमिनीला न टेकता. वर-खाली होणाऱ्या साइड रेलला नको. ग्लोव्हज लाल पिशवीत, वापरलेले स्वॅब पिवळ्या. नोट्समध्ये वेळ, कॅथेटरचा नंबर, बलूनमध्ये किती एमएल आणि लघवी किती व कोणत्या रंगाची आली ते लगेच लिहा. बलूनचा आकडा हमखास राहतो आणि कॅथेटर काढणारी सिस्टर तोच शोधत बसते.